पुण्याचे गुण

गरिबाला मोफत वकील मिळावा म्हणून १९७६ साली राज्यघटनेत अनुच्छेद ३९-क आला. त्यासाठीचा कायदा झाला १९८७ मध्ये आणि तो लागू झाला १९९५ मध्ये. तारखा पडायची सवय कायद्यालाही असावी. पुढे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ज्येष्ठ वकीलपदासाठी गुणपद्धत आणली, तीत विनामोबदला कामही मोजले जाई. २०२५ मध्ये ती पद्धतच गेली. गुणांसाठी केलेली सेवा ती कसली सेवा, असे सोवळ्यातले लोक म्हणतात. म्हणोत बापडे! कोठडीतल्या कच्च्या कैद्याला जामीन हवा असतो, वकिलाच्या अंतःकरणाची तपासणी तो करत बसत नाही. फुकटचा वकील हयगय करतो, हा आक्षेप जास्त वजनदार. पण भरमसाट फी घेऊन पुढची तारीख मागणारे मग कोणत्या धर्मादाय खात्यात मोडतात? तेव्हा गुण, मानपत्र, फोटो, हवे ते द्या. फक्त प्रकरण निकाली निघाल्यावर.