भोक ठेवायचं, का फुल्ल बंद?

कोल्हापुरात जुनी डिझेल गाडी बाळगणाऱ्याला सल्ल्याची ददात नसते. कट्ट्यावरचे पेन्शनर, म्हशी सोडून दुसरं वाहन न हाकलेला आमचा गवळी, आणि आयुष्यात सायकलची चेन न बसवलेले आमचे सासरे, सगळ्यांचं निदान एकच: ‘ईजीआर बंद करून टाका.’ सासऱ्यांना ईजीआर म्हणजे काय ते ठाऊक नाही, पण तो चालू असणं चांगलं नव्हे, एवढी त्यांची खात्री आहे.

आमची गाडी पंधरा वर्षांची व्हायला आली, म्हणजे रि-पासिंगचं वय. गगनबावड्याहून करूळ घाटात खाली ती झकास उतरते. वर चढायचं म्हटलं की कुंथते, काळा धूर ओकते आणि मागचा एसटी ड्रायव्हर हॉर्नवरून हात काढत नाही. म्हणून उद्यमनगर गाठलं. तिथल्या लेथवर काहीही बनवून मिळतं, त्यामुळे मिस्त्री लोकांना दुरुस्तीपेक्षा नवनिर्मितीचा सोस जास्त.

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, माझ्याकडे करुणेनं पाहिलं. “सायेब, कंपनीनं इंजिनाला सोताचंच उष्टं खायला लावलंय. माणसानं खाल्लं असतं का?”

वर्णन चुकीचं नव्हतं. सायलेन्सरकडे निघालेल्या धुरातला थोडा भाग ईजीआरची झडप पुन्हा आत वळवते. त्यामागचं शास्त्र मात्र कंजूषपणाचं नाही. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो आणि एरवी तो कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण सिलिंडरमधलं तापमान दीड हजार अंशांच्या पुढे गेलं की तोही बिघडतो, ऑक्सिजनशी सूत जमवतो आणि नायट्रोजनची विषारी ऑक्साइडं जन्माला येतात. वापरून झालेला धूर आत मिसळला की जळणाची धग उतरते आणि ही सोयरीक बरीचशी मोडते.

ही भानगड उजेडात आणली लॉस एंजेलिसच्या धुरक्यानं. १९५०च्या सुमारास हागेन-स्मिट हे रसायनशास्त्रज्ञ तिथं अननसाच्या वासावर संशोधन करत होते. गावातली हवा इतकी बिघडली की अननस बाजूला ठेवून त्यांना तिचाच वास घ्यावा लागला. मोटारींचा धूर, त्यातली ही ऑक्साइडं आणि ऊन यांच्या संगनमतातून ओझोन तयार होतो, हे त्यांनी दाखवलं. १९७०च्या दशकात अमेरिकी गाड्यांत ईजीआर आला आणि पाठोपाठ तिथल्या हौशी मंडळींनी त्याच्या व्हॅक्यूमच्या नळीत लोखंडी छर्रा कोंबून तो बंदही पाडला. उद्यमनगर फक्त कोल्हापुरातच आहे, हा आपला गैरसमज.

मिस्त्रींची पद्धत छऱ्यापेक्षा सुबक होती. गॅस्केट पत्र्यावर ठेवायचं, पेन्सिलीनं गिरवायचं, कापायचं, तो पत्रा ईजीआरच्या वाटेत आडवा बसवून दोन बोल्ट आवळायचे. “भोक ठिवू का फुल्ल बंद?” त्यांनी विचारलं. फुल्ल बंद केलं तर गाडीतला कॉम्प्युटर बोंबलतो, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. म्हणून पत्र्याला मध्ये बारीक भोक ठेवायचं. तेवढ्या धुरावर कॉम्प्युटर गप्प बसतो. हप्ता कुठं किती द्यावा याचं हे ज्ञान कुठल्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत नाहीत.

मी म्हटलं, “मिस्त्री, घाटात मी ॲक्सिलरेटर पार तळाला नेतो. तेव्हा ही झडप आपण होऊनच मिटते ना? मग पत्रा काय करणार?”

मिस्त्रींनी कानामागची पेन्सिल काढली, परत ठेवली. गिऱ्हाईक वाचून आलं की गॅरेजात असा सन्नाटा पसरतो.

झडप उघडली. आत काजळी आणि ऑइल यांचा असा काही राप होता, की ती धड मिटतच नव्हती. भर चढणीला इंजिनाला हवी ताजी हवा आणि मिळत होता धूर. पत्रा ठोकून फरक पडलेल्या बहुतेकांच्या गाडीत हेच झालेलं असतं, असं माझं मत आहे. नाक चोंदलं म्हणून नाक शिवून टाकण्याचा हा उपचार.

“साफ करा,” मी म्हणालो. मिस्त्री हिरमुसले. पत्र्याला दहा मिनिटं लागतात, खरवडायला अर्धा दिवस, आणि त्यात कलाकुसर काही नाही. तरी त्यांनी स्प्रे मारून, ब्रश घासून झडप चकचकीत करून दिली. आता गाडी करूळ घाट चढते. एसटी अजूनही मागून हॉर्न मारते, पण तो तिचा स्वभाव आहे.

सासरे नाराज आहेत. “पकडतंय कोण?” हा त्यांचा बिनतोड सवाल. उत्तर द्यायला मी पीयूसीवाल्याकडे गेलो आणि गप्प होऊन आलो. २०१५ साली फोक्सवॅगन पकडली गेली. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरतं शहाणं होणारं सॉफ्टवेअर त्यांनी जगभरातल्या १ कोटी १० लाखांच्या आसपास गाड्यांत घातलं होतं. आपल्या पीयूसीला फसवायला सॉफ्टवेअरची गरजच नाही. डिझेल गाडीच्या नळकांड्यात नळी घालून, गाडी रेस करून ते फक्त धुराचा दाटपणा मोजतात; नायट्रोजनची ऑक्साइडं मोजतच नाहीत. आणि ईजीआर बंद केला की काजळी कमी होते, म्हणून पत्रा ठोकलेली गाडी तिथं साफ केलेल्या गाडीपेक्षा जास्त मार्कांनी पास होऊ शकते.