वहिनी आणि उचललेला कोपरा

काही माणसांना उचललेला कोपरा दिसला की राहवत नाही. आमच्या वहिनी त्यातल्या. स्टीलच्या नव्या डब्यावरचं लेबल, मोबाइलवरची फिल्म, दादाच्या गुडघ्यावरची खपली, यातलं काहीही त्यांच्या तावडीतून सुटलेलं नाही. डोंबिवलीच्या घरात खिडकीखाली भिंतीचा रंग सुटलाय. तो सुटलेला भाग आधी गोव्याएवढा होता, आता त्याचा महाराष्ट्र झालाय. "मी काही केलं नाही, तो आधीच निघाला होता," हे वहिनींचं प्रत्येक गुन्ह्यातलं ठरलेलं निवेदन.

अशा बाईच्या दहाही बोटांवर जेल पॉलिश चढावं, यात दैवाचाही काहीतरी विनोद असणार.

निमित्त झालं लेकीच्या साखरपुड्याचं. मेंदी काय, सगळ्याच काढतात. नखांनी उठून दिसायचं असं ठरलं. पार्लरमधल्या मुलीने नखं घासली, पुसून त्यांचा तेलकटपणा काढला, बेस लावला, रंगाचे दोन हात दिले, वर टॉपकोट मारला आणि प्रत्येक हातानंतर बोटं दिव्याखाली धरायला लावली. "दिव्याखाली लगेच वाळतं हो, भाऊजी!" वहिनी घरी येऊन म्हणाल्या. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवण्यात जन्म घालवला, त्यामुळे गप्प बसवेना. साधं नेलपॉलिश वाळतं, कारण त्यातला द्राव उडून जातो. जेल वाळत नाही, घट्ट होतं. दिव्यातल्या अतिनील किरणांनी त्यातले छोटे रेणू एकमेकांना जोडले जाऊन त्यांची जाळी बनते. म्हणूनच भांडी घासली तरी ते दोन-तीन आठवडे टिकतं.

"भाऊजी, धडा नको. रंग कसा दिसतोय ते सांगा."

रंग छान दिसत होता. पहिल्या आठवड्यात वहिनींचं बोलणंसुद्धा बदललं. पूर्वी त्या मानेने दाखवायच्या ती वस्तू आता तर्जनीने दाखवू लागल्या. चहाचा कप पाच बोटांऐवजी तीन बोटांत आला. आणि ज्या बाईने आयुष्यभर सोलण्यात सुख मानलं, तिने लसूण सोलणं सोडलं. ते खातं दादाकडे गेलं. हळदीने रंग पिवळा पडेल म्हणून वरणाची फोडणीही त्याच्याकडे गेली.

दुसरा आठवडा संपता संपता निसर्गाने आपलं काम दाखवलं. हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं. म्हणजे दोन आठवड्यांत मुळाशी दीडेक मिलिमीटरची उघडी पट्टी दिसू लागते आणि पुढच्या टोकाला जेल थोडं सुटतं. न्हाताना वहिनींचा एक केस त्या फटीत अडकला आणि त्यांना शोध लागला की कोपरा उचललाय.

संध्याकाळची मालिका सुरू झाली. सासू सुनेला घराबाहेर काढत होती आणि इकडे वहिनींचा अंगठा करंगळीवर कामाला लागला. आधी नुसतं चाचपणं, मग टूथपिक, मग दादाचं एटीएम कार्ड. जाहिरातींपर्यंत 'टक्' असा आवाज आला.

"अख्खं निघालं! बघा, एका फटक्यात!"

त्यांनी ते टरफल माझ्या तळहातावर ठेवलं. मी उलटं करून पाहिलं. आतल्या बाजूला पांढरट भुकटीसारखा थर चिकटला होता.

"ते पांढरं काय हो?"

"वहिनी, ते तुम्हीच."

खरं तेच होतं. नख म्हणजे केराटिनने भरलेल्या मेलेल्या पेशींचे एकावर एक चिकटलेले थर. सगळी मिळून जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. जेल वरच्या थराला घट्ट धरून बसतं. ते ओढलं की जेल नखाला सोडत नाही, नखाचा वरचा थर नखाला सोडतो. मालिका संपली तेव्हा दहाही बोटं मोकळी होती आणि वहिनींच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

समाधान सकाळपर्यंत टिकलं. लिंबू पिळताना बोटं चुरचुरली. गरम कप धरवेना. नखांवर पांढरे खडबडीत डाग, आणि पाकीट उघडायला गेलं तर नख उघडतंय, पाकीट नाही. मग सोसायटीतल्या बायकांचं मंडळ बसलं. कुणी खोबरेल तेल सांगितलं. ते बरोबर होतं, कोरड्या नखाला तेलाने बरं वाटतं. कुणी लसूण चोळायला सांगितलं. तो सोलणार कोण, यावर दादाने विषय संपवला. कुणी बायोटिनच्या गोळ्या सांगितल्या. त्या वहिनींनी मनोभावे घेतल्या, पुढे थायरॉइडच्या तपासणीआधी डॉक्टरांनी बंद करायला लावल्या, कारण बायोटिनने काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकतात.

शेवटी वहिनींनी व्रत जाहीर केलं. "आता सहा महिने काही लावणार नाही. नखांना श्वास घेऊ दे."

नख श्वास घेत नाही. ते मेलेलंच असतं. त्याला जे काही मिळायचं ते मुळाशी, रक्तातून मिळतं. पण सहा महिने हा आकडा त्यांनी नकळत बरोबर सांगितला होता. हाताचं नख मुळापासून टोकापर्यंत नवं यायला साधारण तेवढाच वेळ लागतो. व्रत तीन आठवड्यांत मोडलं. शेजारी बारसं होतं, आणि असली नखं घेऊन चारचौघींत जायचं कसं? झाकायला जेल. मग जेलचा कोपरा. मग मालिका. दर फेरीला झाकण्यासारखं जास्त आणि झाकायला नख कमी.

पार्लरच्या मुलीने त्यांना खडसावलं. टॉपकोट घासायचा, कापसाचा बोळा ॲसिटोनमध्ये बुडवून नखावर ठेवायचा, वरून फॉइल गुंडाळायची आणि दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. जेल मऊ होऊन सुटतं. मग लाकडी काडीने हलकेच सारायचं. अडलं तर ओढायचं नाही, पुन्हा बोळा ठेवायचा. आधी आजूबाजूच्या कातडीला तेल आणि नंतर पुन्हा तेल, कारण ॲसिटोन नखही कोरडं करतं.

वहिनींनी हे घरीच करायचं ठरवलं. दहा बोटांना फॉइल गुंडाळून त्या सोफ्यावर बसल्या. पहिल्याच मिनिटाला फोन वाजला, मग दारावरची बेल, मग नाक खाजलं. हे सगळं दादाने निस्तरलं. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि वहिनी स्वतः गॅसकडे धावल्या. ॲसिटोन म्हणजे ठिणगीची वाट बघणारा पदार्थ! मी आयुष्यात वर्गावर ओरडलो नाही तेवढा त्या दिवशी ओरडलो. गॅस दादाने बंद केला. चौथ्या मिनिटाला त्यांनी एक फॉइल उघडून "झालंय का" पाहिलं. झालं नव्हतं. कोपरा मात्र उचलला होता.

पुढे ऑनलाइन मागवलेला घरगुती संच आला. त्यातलं जेल कातडीला लागून बोटांच्या टोकांना खाज आणि पुरळ आलं. त्वचारोगतज्ज्ञांनी ॲलर्जी असल्याचं सांगितलं. कच्चं राहिलेलं किंवा कातडीला लागलेलं जेल यामागचं मोठं कारण, आणि जेलमधल्या ॲक्रिलेट जातीच्या द्रव्यांची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते. दातांच्या काही भरणांतही हीच जात असते, हे ऐकून वहिनी पहिल्यांदा गप्प झाल्या.

1 सप्टेंबर 2025 ला युरोपीय संघाने जेलमधल्या टीपीओ नावाच्या एका घटकावर बंदी घातली, तेव्हा दादाने मोठ्या आशेने बातमी वाचून दाखवली. बंदी त्या घटकावर होती, जेलवर नव्हती. वहिनींनी त्याच्याआधीच शेवटची ओळ वाचली होती.

मी जेलला दोषी धरत नाही. नीट लावलं, नीट उतरवलं तर नख फारसं बिघडत नाही. बिघडतं ते दहा मिनिटं न थांबणाऱ्या बोटांनी. वहिनींसारख्या जातीच्या माणसांनी सरळ साधं नेलपॉलिश लावावं. ते कापसाने पुसलं जातं, सोलायला काही उरत नाही. आणि जेलच हवं असेल, तर कोपरा उचललेला दिसताच कानशीने तेवढाच घासून टाका, पार्लरची वेळ घ्या आणि तोवर संध्याकाळची मालिका पाहताना हातात वाटाणे घेऊन बसा. घरात भाजी तरी होईल.