जानेवारीत जन्मा, पदक मिळवा

पुण्यात स्वारगेटला आपले मूल थोराड आहे की लहानखुरे, हे ते कोणत्या फाटकातून आत शिरते यावर ठरते. नेहरू स्टेडियममध्ये क्रिकेटसाठी नेले, तर मंडळाच्या नियमाने वय 1 सप्टेंबरपासून मोजायचे. शेजारच्या सणस मैदानावर शालेय स्पर्धेसाठी नेले, तर 1 जानेवारीपासून. म्हणजे 5 सप्टेंबरला जन्मलेला मुलगा एका फाटकाआत गटातला दादा, आणि चार पावलांवर दुसऱ्या फाटकाआत धाकट्यांपैकी एक. वाटेत त्याने सारसबागेची भेळ खाल्ली असे धरले, तरी भेळेने एवढा फरक पडत नाही.

शालेय स्पर्धांचे गट 14, 17 आणि 19 वर्षांखालचे. त्यात 1 जानेवारीला जन्मलेला आणि त्याच वर्षी 31 डिसेंबरला जन्मलेला, हे दोघे कागदावर समवयस्क. तेराव्या वर्षी या एका वर्षात आवाज फुटतो, मिसरूड येते आणि बूट दोनदा बदलावे लागतात. कॅनडात संशोधक रॉजर बार्न्सली यांनी 1985 मध्ये आइस हॉकीतल्या उदयोन्मुख खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या, तेव्हा वर्षाच्या पहिल्या तिमाहीतली मुले भरमसाट निघाली. कारण साधे आहे. चाचणीत अंगापिंडाने भरलेला मुलगा नजरेत भरतो, त्याला संघ मिळतो, संघाबरोबर सराव मिळतो आणि चार वर्षांनी तो खरोखरच सरस होतो. मग आपण त्याला उपजत गुण म्हणतो. लग्नापासून बाळंतपणापर्यंत सगळ्याचा मुहूर्त पाहणाऱ्या या शहरात वयाची तारीख ठरवणारे क्रीडा खात्याचे परिपत्रक मात्र कोणी पाहत नाही, याचे नवल वाटते. आजोबांच्या पिढीत गुरुजींनी निम्म्या वर्गाची जन्मतारीख 1 जून लावून हा प्रश्न मुळातच मिटवला होता. क्रीडा क्षेत्रात इतकी समता पुन्हा आली नाही.

यावर पहिला आक्षेप येईल, की रेघ कुठेतरी ओढावीच लागते. मान्य. पण ती दरवर्षी त्याच जागी ओढायचा नवस कोणी बोलला आहे? एका वर्षी जानेवारी, पुढच्या वर्षी जुलै अशी तारीख फिरती ठेवली, तर डिसेंबरच्या मुलांनाही मोठे होण्याचे सुख मिळेल. दुसरा आक्षेप शास्त्राचा: मनगटाचा एक्स-रे काढा, हाड खोटे बोलत नाही. क्रिकेट मंडळ सोळा वर्षांखालच्या मुलांची अशी तपासणी करते. ती खोट्या दाखल्यांवर उपाय म्हणून ठीक आहे, आणि तशा दाखल्यांना मोहही मोठा आहे: क्रीडा प्रमाणपत्रामागे सवलतीचे गुण आणि सरकारी नोकरीतले 5 टक्के आरक्षण उभे असते. पण खऱ्या दाखल्यांच्या दोन निरोगी मुलांची हाडेही वर्षभर पुढेमागे असू शकतात. म्हणजे हाड खरे बोलते, फक्त वाढदिवस सांगत नाही. आपल्या कबड्डीने हे केव्हाच ओळखून किशोर आणि कुमार गटांना वयाबरोबर वजनाचीही अट घातली. त्यावर मुले काट्यावर चढण्याआधी उपाशी राहतात, हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला माझ्याकडे चोख उत्तर नाही. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये येणाऱ्या फ्लॅग फुटबॉलला निदान तो काटा कमी लागतो. तिथे अंगावर न जाता कमरेची पट्टी ओढायची असते, म्हणून चपळ पोराला थोडी आशा.

उरला शेवटचा आक्षेप: लहान चणीचा मुलगा मोठ्यापुढे टिकत नाही, मग निवडायचा कशाला? याच नेहरू स्टेडियमवर 29 फेब्रुवारी 1996 ला विश्वचषकात केनियाचा संघ 166 धावांत संपला आणि त्याने वेस्ट इंडिजला 93 धावांत गुंडाळले. केनियाला निदान मैदानात उतरू दिले होते. डिसेंबरचे मूल चाचणीतूनच घरी जाते.

तेव्हा क्रीडा खात्याने यंदा एवढेच करावे. जिल्हा स्पर्धांसाठी निवडलेल्या संघांच्या याद्या लावताना प्रत्येक वयोगटापुढे किती मुले कोणत्या महिन्यात जन्मली, तो आकडाही छापावा. खर्च एका रकान्याचा आहे.