राजा दानशूर, बायको विक्रीला

नाशिक जिल्ह्यात जन्मलेल्या माणसावर एक जबाबदारी आपोआप येते. सिनेमाचा विषय निघाला की आधी फाळक्यांना नमस्कार. त्यांचं जन्मगाव त्र्यंबकेश्वर आमच्याच जिल्ह्यातलं ना! सिन्नरहून नमस्कार केला. आता त्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’बद्दल बोलू?

१९१३चा हा चित्रपट थोर, वादच नाही. पण आज त्याचा थोडाच भाग शिल्लक आहे. त्याच्यावरची भाषणं मात्र पूर्ण लांबीची. मुळात कथा काय? राजाने राज्य देऊन टाकलं, सत्त्व राखलं आणि बायको-पोराला विकायला काढलं. पडद्यावरची तारामती अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाने केली. पडद्यामागे सरस्वतीबाई फाळके दागिने देत होत्या, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक रांधत होत्या, शिवाय फिल्मला भोकंही पाडत होत्या. सत्त्वपरीक्षा नेमकी कोणाची चालली होती?

प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) मात्र मी कधीही बघायला तयार. विष्णुपंत पागनीस डोळे मिटून गायला लागले की सगळे हात जोडतात. जोडा. मी गौरीच्या जिजाईकडे बघत असतो. नवरा अभंगात, घरात खडखडाट, आणि ही पोरांचं बघणार, म्हशीचं बघणार, वेळ आली तर चप्पल घेऊन थेट विठोबावर धावून जाणार. शेवटी वैकुंठाचं विमान दारात येतं, पण ही जात नाही. संसार कोणावर टाकायचा? मांडीवर सूप घेऊन हजाराच्या हिशेबाने विड्या वळणाऱ्या सिन्नरच्या बायकांना हा प्रसंग समजावायला समीक्षक लागत नाही. व्हेनिसवाल्यांनीही १९३७ मध्ये चित्रपट गौरवला. त्यांना बहुधा विमान आवडलं असावं.

‘श्यामची आई’ (१९५३) म्हणजे पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक. वनमालाबाईंचं काम सुंदर. पण सबंध महाराष्ट्राला हसवणाऱ्या अत्र्यांनी इतकं रडवावं? आपण रुमाल ओला करतो, घरी येतो आणि आईलाच चहा टाकायला सांगतो.

‘पिंजरा’बद्दल (१९७२) वाकडं बोललं तर आमच्या कट्ट्यावर मारामारी होईल. तरी बोलतो. मूळ जर्मन ‘ब्लू एंजल’मधला मास्तर बाईच्या नादाने मातीत जातो आणि संपतो. शांतारामबापूंना तेवढं कुठलं पुरायला? आमच्या मास्तरने स्वतःच्याच खुनाबद्दल शिक्षा भोगायची, कारण गावातला आदर्श टिकला पाहिजे. म्हणजे आदर्शासाठी अख्ख्या गावाला फसवलं तरी चालतं, आणि याला आपण बोधप्रद म्हणतो! डॉ. लागूंमुळे ते गळी उतरतं, राम कदमांच्या चालींमुळे गोडही लागतं. निळूभाऊ पडद्यावर आले की मला तरी बोधबिध आठवत नाही.

‘शोले’ला (१९७५) हात लावायचा नाही असा देशभर अलिखित कायदा आहे. पण आम्ही पडलो दुष्काळी तालुक्यातले. रामगढला वीज नाही, राधा रोज संध्याकाळी दिवे विझवताना दिसते. मग त्या उंच टाकीत पाणी चढतं कसं? वीरू वरून उडी मारेल का, याची आम्हाला फिकीर नसते. टाकी भरलेली आहे का ते सांगा. असेल तर योजना कुठली, मंजुरीला किती वर्षं लागली? आणि नसेल, तर मौसीच्या घरचं पाणी भरतं कोण?