ड्रॅगनला गोधडी नको

नंदुरबार जिल्ह्यात दाढीवाला ड्रॅगन पाळणाऱ्याने थंडी पडताच प्रथम एक जाड गोधडी आणावी आणि ती स्वतः पांघरावी. ड्रॅगनवर घालून उपयोग नाही. गोधडी आतल्या देहाची ऊब अडवते. हा सरडा पडला थंड रक्ताचा, त्याच्याकडे अडवण्याजोगे काही नसते. आपल्याला हुडहुडी भरली की त्यालाही भरली असणार, या समजुतीवर रात्रीच्या उबेचा सगळा खटाटोप उभा आहे. मुळात हा प्राणी मध्य ऑस्ट्रेलियाच्या रखरखीत मुलखातला. तिथे दिवसा जमीन भाजते, रात्री झपाट्याने निवते. त्यामुळे त्याला दिवसा चाळीसेक अंशांची शेकायची जागा हवी. रात्री पेटीत 18 अंशांच्या वर पारा असेल तर निरोगी, मोठ्या ड्रॅगनला काहीही लावू नये. नंदुरबार-शहाद्याच्या बंद खोलीत बहुतेक रात्री हे आपोआप जमते. उन्हाळ्यात तर चिंता उलटीच.

यावर नवापूरकर हरकत घेतील : आमच्या पोल्ट्रीत एक दिवसाच्या पिलांना ब्रूडरखाली रात्रंदिवस 33 ते 35 अंश ऊब लागते, मग ड्रॅगनने काय घोडे मारले? हरकत वजनदार, पण गैरलागू. कोंबडीला चाळीस-एक्केचाळीस अंशांचा देह कायम राखावा लागतो आणि कोवळ्या पिलाला ते साधत नाही. ड्रॅगनने ही जबाबदारी कधी घेतलेलीच नाही. गारव्यात तो मंदावतो आणि खर्च आवरतो. मात्र पचनही मंदावते, म्हणून दिवा मालवण्याच्या दोनेक तास आधी जेवण उरकावे.

तोरणमाळ आणि डाबच्या मंडळींची तक्रार मात्र खरी. सातपुड्याच्या त्या उंचीवर कडाक्याच्या थंडीत दवबिंदू गोठतात. तिथे उजेड न पाडणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटला जोडून लावावा. ‘लाल बल्ब त्याला दिसत नाही’ असे दुकानदार सांगेल. दिसतो, शिवाय डोक्यावर उजेड जाणणारा तिसरा डोळाही त्याला आहे. बंद खोलीत कोळशाची शेगडी तर नकोच, तिच्या विषारी वायूने ड्रॅगनआधी मालकही जाऊ शकतो. वीज गेली तर जागरण करू नये. धडधाकट ड्रॅगन एखादी गार रात्र काढतो, सकाळी शेकायला मिळाले म्हणजे झाले. एवढा खर्च नको म्हणून रानातली घोरपड उचलून आणण्याचा बेत कोणी केलाच, तर ती 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. मग रात्रीच्या निवाऱ्याची सोय सरकार करते, फक्त ती घोरपडीची नसते.