बावन्न पत्ती जप्त

दरेकसा आणि बोरतलाव या दोन स्टेशनांच्या मधे महाराष्ट्र संपतो. डोंगर, जंगल आणि एक बोगदा. राज्य बदलल्याची एवढीच खूण. धनत्रयोदशीला मी गोंदियाहून रायपूरकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसलो होतो. समोरच्या बाकावर रोजचे अपडाऊन करणारे चौघे. गाडीनं फलाट सोडायच्या आत त्यांनी गुडघ्यांवर एक ब्रीफकेस आडवी टाकली आणि तीन पत्ती मांडली. आमगावला बूट दोन रुपये होता, सालेकसाला पाच झाला. दरेकसा मागं पडलं तेव्हा टक्कल पडलेले एक काका ब्लाइंडवर ब्लाइंड लावत होते आणि बाकीचे तिघे त्यांच्याकडं, जावयाच्या ताटातली पाचवी पुरणपोळी सासू बघते तसे बघत होते.

गाडी बोगद्यात शिरली आणि बाहेर पडली. काकांना पत्ताही नव्हता, पण तेवढ्यात त्यांचा गुन्हा बदलला होता. बोगद्याच्या अलीकडं ते 1887 च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याचे आरोपी, पलीकडं छत्तीसगढच्या 2022 च्या अधिनियमाचे. तरी काकांचं नशीब बरं. हा नवा कायदा 2023 मध्ये लागू झाला. त्याआधी हाच डाव मांडला असता तर ते बोगद्यातून थेट 1867 सालात बाहेर पडले असते. गाडी वीस किलोमीटर पुढं आणि कायदा वीस वर्षं मागं!

1867 म्हणजे नागपूरला पहिली आगगाडी आली ते साल. त्याच वर्षी इंग्रजांनी सार्वजनिक जुगाराचा कायदा केला आणि मध्य प्रांतालाही लावला. नागपूर आणि दुर्ग तेव्हा एकाच प्रांतात, त्यामुळं दोन्हीकडचे जुगारी एकाच कलमाखाली आत जात. 1956 साली विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि नागपूरच्या जुगाऱ्याला वीस वर्षांनी तरुण कायदा मिळाला. दुर्गचा जुगारी मात्र दीडशेहून अधिक वर्षं जुन्यावरच निष्ठा ठेवून होता.

डोंगरगडला खाकीतला एक तरुण डब्यात चढला. मी सावरून बसलो. आता कायदा डोळ्यांदेखत राबवला जाणार! त्यानं ब्रीफकेसकडं पाहिलं, काकांच्या मागं उभं राहून त्यांची पानं पाहिली, “चाचा, पॅक करो” असं म्हणाला आणि पुढं गेला. पुढं त्याला समोसेवाला दिसला. त्याला मात्र त्यानं खाली उतरवलं. त्यात चूक काहीच नाही. परवान्याशिवाय गाडीत माल विकणाऱ्याला 1989 च्या रेल्वे कायद्यात कलम 144 आहे, वर्षापर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड. काकांनी पॅक केलं नाही, चाल दिली आणि हरले. पोलिसांचं ऐकावं ते अशा वेळी.

भिलाई पॉवर हाउसला भाऊजी स्कूटर घेऊन उभे होते. ते रेल मिलमधून निवृत्त झालेत. पाहुणा आला की ते गाडीला गर्दी होती का हे विचारत नाहीत, “रूळ कसे वाटले?” विचारतात. आम्ही माना डोलावतो. 2 फेब्रुवारी 1955 ला सोव्हिएत रशियाशी करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या ब्लास्ट फर्नेसचं उद्घाटन केलं आणि मधल्या चार वर्षांत भाताच्या बांध्यांवर हे शहर उभं राहिलं. नावं शोधत बसायला वेळ नसावा. सेक्टरांना आकडे दिले आणि मोकळे झाले. त्यामुळं भिलाईच्या माणसाला कोणतीही गोष्ट आकड्यात सांगितली की पटते. पुढं जे घडलं त्याच्याशी या स्वभावाचा संबंध आहे, असं माझं मत आहे.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी ताईनं चहा दिला आणि भाऊजींनी हिंदी पेपरातली गुन्ह्यांची बातमी मोठ्यानं वाचायला घेतली. दिवाळीच्या आठवड्यात इथं बातमी एकच असते, फक्त मोहल्ला बदलतो. मुखबिराकडून, म्हणजे खबऱ्याकडून, सूचना मिळते. टीम रवाना होते. घेराबंदी होते. तालाबाच्या काठावर बॅटरीच्या उजेडात कटपत्ती चाललेली असते. मग फडावरून आणि अंगझडतीतून मिळून इतके हजार रुपये, इतके मोबाइल, इतक्या मोटारसायकली. आणि शेवटी, कधीही न चुकता, ताशाची बावन्न पत्ती जप्त. एक-दोघे अंधाराचा फायदा घेऊन फरार. आपल्याकडच्या बातमीत पत्त्यांचा कॅट म्हणतात, एवढाच फरक. अंधाराचा फायदा आपल्याकडचेही घेतात.

“रोज बावन्नच कशी?” मी विचारलं. “एखादं पान हरवलेलं नसतं का?”

भाऊजींनी चष्मा वर केला. “हे टीआय साहेबांना विचार.”

टीआय साहेब म्हणजे शेजारचे निवृत्त ठाणेदार. संध्याकाळी लक्ष्मीपूजन झालं, पणत्या लागल्या आणि साहेब प्रसाद घ्यायला आले ते बसलेच. ताईनं चकलीचा डबा पुढं सरकवला. भाऊजींनी दिवाणाखालून पत्ते काढले. ते पत्ते वर्षातून एकदाच निघतात, एक रुपयाच्या बुटानं, आणि जिंकलेली रक्कम ताई दुसऱ्या दिवशी दुधवाल्याला देते. साहेबांनी कॅट हातात घेतला, न बघता अंगठ्यानं फिरवला आणि म्हणाले, “बावन्न आहेत.” नोकरी संपली होती, बोट अजून ड्यूटीवर होतं.

माझा प्रश्न ऐकून ते खूश झाले. “देखिए, आमचा ॲक्ट होता अठराशे सदुसष्टचा. अठरा कलमं. गीतेचे अध्याय अठरा, ॲक्टची कलमं अठरा. पाठ होत होता. नव्या पोरांचे कायदे मोबाइलवर बघावे लागतात.” मग त्यांनी दर सांगितले. रस्त्यावर, बाजारात, जत्रेत जुगार खेळताना सापडला तर कलम 13, दंड पन्नास रुपयांपर्यंत किंवा महिनाभर आत. कोंबड्यांची झुंज लावली तरी तेच कलम. अड्ड्यात सापडला तर कलम 4, शंभर रुपये. अड्डा चालवणाऱ्याला कलम 3, दोनशे. “आणि पकडल्यावर खोटं नाव सांगितलं तर कलम 7. किती असेल दंड?”

“पंचवीस?”

“पाचशे!” साहेबांनी पान आपटलं. “अंग्रेज बहादुरला जुगार चालत होता. झूट नाही.”

मला एकदम महाभारत आठवलं. भिलाईत ते आठवायला वेळ लागत नाही. पंडवानी जगभर नेणाऱ्या तीजनबाई इथून जवळच्या गनियारी गावच्या, त्यांनी नोकरीही स्टील प्लांटमध्ये केली आणि 2019 साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. द्यूतपर्व इथं रिक्षावाल्यालाही ठाऊक असतं. मी म्हटलं, “साहेब, हस्तिनापूरच्या सभेवर रेड टाकली असती तर?”

साहेबांनी पत्ते खाली ठेवले. हा विचार त्यांनी आधी केलेला होता हे चेहऱ्यावरून कळलं. “धृतराष्ट्र मालक. कलम 3. दोनशे. धर्मराज, शकुनी, दुर्योधन, प्रत्येकी शंभर. फासे नष्ट.”

“आणि भीष्म? ते तर नुसते बसले होते.”

“तेही चारमध्ये. ॲक्ट म्हणतो, खेळ चालू असताना अड्ड्यात जो सापडला तो खेळायलाच आला होता असं धरायचं. नव्हता आला, हे त्यानं सिद्ध करावं. द्रोणाचार्यांचंही तेच.”

भीष्मांना हे आजतागायत सिद्ध करता आलेलं नाही, तेव्हा इंग्रजांचं चुकलं असं मला वाटत नाही. भाऊजींनी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला हिशेब मांडला. शंभर कौरव धरले तर रक्कम दहा हजारांच्या वर जात होती. धर्मराजाचा वैयक्तिक खर्च मात्र शंभर रुपये. राज्य गेलं, भाऊ गेले, द्रौपदी पणाला लागली, शंभर रुपये! साहेबांनी बोट वर केलं. “थांबा. पुढं हाच इसम विराटाच्या दरबारात कंक या नावानं फासे खेळताना आढळला. पाचशे लावा.” पांडवांच्या वनवासाचा इतका स्वच्छ हिशेब मी कुठल्याही ग्रंथात वाचला नव्हता.

“पण बावन्न?” मी मुद्द्यावर आलो.

“दंड पन्नास रुपये असो की पाच लाख, कोर्टात टेबलावर काहीतरी ठेवावं लागतं. पत्ते ठेवता येतात. मोजता येतात. पंचाला दाखवता येतात, फोटोत दिसतात. पोलिस कडक असतो तो मोजता येईल तिथंच. कोंबडा एकदा जप्त केला होता. रात्रभर ठाण्यात बांग देत होता, मुन्शीनं त्याला स्वतःच्या खिशातून दाणे घातले. त्यानंतर मी झुंजीच्या केसेस कमी केल्या.”

सकाळी भाऊजींनी मला स्कूटरवरून भिलाई दाखवली होती. मैत्री बागेतले पांढरे वाघ झाले, सिव्हिक सेंटर झालं, आणि मग नेहरूनगरच्या रस्त्यावर ते म्हणाले, “इकडं त्याचं ज्यूसचं दुकान होतं.” नाव सांगायची गरज नव्हती. महादेव ॲपच्या प्रकरणातला मुख्य आरोपी सौरभ चंद्राकर हा भिलाईचा, आधी ज्यूस विकायचा. ईडीच्या आरोपानुसार त्यानं आणि त्याच्या साथीदारानं दुबईत बसून ऑनलाइन सट्ट्याचं जाळं चालवलं, आणि फेब्रुवारी 2023 मध्ये रास अल खैमाला त्याचं लग्न झालं त्यावर सुमारे दोनशे कोटी रोख उधळले. नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्रानं ॲप बंद केलं. खटले चालू आहेत, निकाल लागायचा तेव्हा लागेल. मी मोसंबीचा रस पीत हिशेब केला. दोनशे कोटी म्हणजे कलम 13 खाली पन्नास रुपयांप्रमाणे चार कोटी वेळा पकडलं जाणं. छत्तीसगढची लोकसंख्या त्याला पुरत नाही.

साहेबांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. “त्यात पत्तेच नाहीत ना. आमच्या मुखबिरानं सूचना द्यायची तरी कसली? पोरगा घरात गादीवर पडलाय, हातात फोन, आई म्हणते अभ्यास करतोय. घेराबंदी कोणाची करणार, गादीची?” हल्ली पोलिस फ्लॅटवर छापा घालून ऑनलाइन सट्ट्याचं पॅनल चालवणारी पोरं पकडतात, असं भाऊजींनी सांगितलं. टेबलावर लॅपटॉप, पासबुकं, एटीएम कार्डं मांडलेली असतात. “म्हणजे टेबल आहे अजून,” साहेब जरा सावरले.

मग डाव बदलायचा का यावर वाद झाला. भाऊजींचं म्हणणं, रमी खेळू, ती कायदेशीर. ते खरंच आहे. सिकंदराबादच्या एका क्लबवर छापा पडला होता. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1967 साली न्यायालयानं ठरवलं की रमीत पानं लक्षात ठेवावी लागतात, कौशल्य लागतं, तीन पत्ती मात्र निव्वळ नशीब. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती हिदायतुल्ला शाळा शिकले रायपूरला, कॉलेज नागपूरला. या दोन गावांच्या मधे रेल्वेनं ये-जा केलेल्या माणसाला पत्त्यांतला फरक समजावा, यात नवल ते काय!

“पण रमी मोबाइलवर नको हं,” ताई स्वयंपाकघरातून म्हणाली. तिचंही बरोबर. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवरच बंदी घातली, मग त्यात कौशल्य असो की नशीब. त्याच्या महिनाभर आधी आपल्याकडं विधान परिषदेत एका मंत्र्यांच्या मोबाइलवर रमी दिसल्याचा व्हिडिओ फिरला. आपण खेळत नव्हतो, मधेच आलेली जाहिरात बंद करत होतो, असं त्यांनी सांगितलं. पंधरवड्याच्या आत त्यांचं खातं बदललं आणि त्यांच्याकडं क्रीडा खातं आलं. इंग्रजांनी कलम 7 उगाच इतकं कडक ठेवलं नव्हतं. पण क्रीडा खातं मात्र कुठल्याच ॲक्टमध्ये नव्हतं.

शेवटी तीन पत्तीच ठरली, कारण रमीसाठी कौशल्य लागतं आणि ते आमच्यात कोणाकडंच नव्हतं. साहेब मात्र भलतेच रंगात आले. ब्लाइंड, ब्लाइंड, मग दुप्पट. फडावर त्रेचाळीस रुपये जमले. साहेबांनी तीन पानं उचलली, मिशीखाली हसले, आणि तेवढ्यात कुंपणापलीकडून हाक आली.

“सुनते हो? दवाई लेने गए थे ना?”

साहेबांचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही. त्यांनी गौरा-गौरीची शपथ घेऊन पत्ते सोडले होते, हे ताईला माहीत होतं, आम्हाला नव्हतं. पुढचं दार फाटकासमोर उघडतं. साहेबांनी एका नजरेत घेराबंदीचा अंदाज घेतला, पायातली चप्पल हातात घेतली आणि मागच्या अंगणातून, पेरूच्या झाडाखालून, वाळत घातलेल्या चादरींच्या आडानं नाहीसे झाले. पस्तीस-चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी पाहिलेल्या सगळ्या पळणाऱ्यांचा अनुभव त्या दहा पावलांत होता.

काकू फाटकातून आत आल्या. भाऊजींनी शांतपणे सांगितलं की साहेब आलेच नव्हते. म्हणजे पाचशेचं कलम लागलं. काकूंनी तीन माणसं पाहिली, चार ठिकाणी वाटलेली पानं पाहिली, एक चकली उचलली आणि काही न बोलता परत गेल्या.

आम्ही पत्ते गोळा करून मोजले. एकोणपन्नास भरले. साहेबांची तीन पानं साहेबांबरोबर गेली होती. भाऊजींनी दोनदा मोजून पाहिलं, मग कॅलेंडरच्या मागं, महाभारताच्या हिशेबाखाली, स्वच्छ अक्षरात लिहिलं: फडावरून 43 रुपये व 49 पत्ती जप्त, एक आरोपी तीन पत्तीसह अंधाराचा फायदा घेऊन फरार.