विग्रह करा : जॉयस्टिक

वडिलांनी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. त्यामुळे घरात नवी वस्तू आली की आधी तिच्या नावाची झडती व्हायची. मी सातवीत असताना मामाने टीव्हीला जोडायचा गेम आणला. चौकोनी खोक्यावर उभी काळी दांडी, शेजारी लाल बटण.

"काय म्हणतात याला?"

"जॉयस्टिक."

"विग्रह कर."

"आनंदाची काठी. षष्ठी तत्पुरुष."

"काठीला कसला आनंद? आनंद देणारी काठी. मध्यमपदलोपी. पुरणपोळीसारखा."

जन्मभर छडी बाळगलेल्या माणसाने हे सांगावं! त्या छडीचा समास कोणता, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

सहामाही जवळ आली तशी त्यांनी ती दांडी सुतळीने करकचून बांधली आणि माळ्यावर टाकली.

पुढे कळलं, शब्द मुळात खेळातला नाहीच, विमानातला आहे. रॉबर्ट लोरेन हा इंग्रज नट १९०९ साली फ्रान्समध्ये पो गावी, वैमानिक ब्लेरियोच्या शाळेत विमान शिकायला गेला. त्याच्या डायरीत हा शब्द सापडतो. (पुढच्याच वर्षी गडी विमानाने आयरिश समुद्र ओलांडायला निघाला, किनारा हाकेवर असताना पाण्यात पडला आणि उरलेलं अंतर पोहून गेला.) विमान हाकायच्या त्या दांडीला फ्रेंच लोक 'क्लोश', म्हणजे घंटा म्हणत. घंटा मिळाल्यावर मराठी माणसाला आनंद होत नाही, पण ते असो.

दावेदार आणखीही आहेत. न्यूकॅसलच्या ए. ई. जॉर्जने १९१० साली विमान बांधलं. त्याची ती 'जॉर्जस्टिक', पुढे तिचाच अपभ्रंश झाला, असं काही जण म्हणतात. कुणी जॉइस नावाच्या वैमानिकाकडे बोट दाखवतं. एक चावट व्युत्पत्तीही आहे. दांडी वैमानिकाच्या दोन गुडघ्यांमध्ये असते, एवढं सांगून पुढे जातो.

परवा हे सगळं वडिलांना ऐकवलं. अपभ्रंशावर त्यांचा चेहरा फुलला, चावट भाग मी गाळला. मग डायरीतली मूळ नोंद सांगितली : नवशिका चुकून हवेत उडू नये म्हणून ही दांडी पुढे ढकलून घट्ट बांधून ठेवत.

वडिलांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला.

"सुतळीनेच ना?"